दहा मायक्रॉनचा पडदा

(बोलणारी दोन्ही माणसं कल्पित आहेत. घटना आणि आकडे खरे आहेत; बेरीज-वजाबाकी माझी.)

उत्साही : सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करा, म्हणजे पुढे भांडायला बरं पडेल. आज फोनपासून बसपर्यंत सगळीकडे जी लिथियम-आयन बॅटरी आहे, ती मुळात एक तडजोड आहे. 1970च्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी जो सेल तयार केला, त्यात अ‍ॅनोड लिथियम धातूचाच होता. पुढे कॅनडातल्या मोली एनर्जीने लिथियम धातूचे सेल बाजारात आणले, आणि 1989मध्ये जपानमधल्या फोनांना आगी लागल्यावर ते परत मागवायची वेळ आली. द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये चार्जिंगच्या वेळी लिथियम सपाट बसत नाही. त्याला बारीक, टोकदार फाटे फुटतात. एखादा फाटा अ‍ॅनोड-कॅथोडमधला सेपरेटर ओलांडून पलीकडे टेकला की सेल शॉर्ट. 1991मध्ये सोनीने धातूच्या जागी कार्बन घातला आणि धंदा मार्गी लागला. पण त्याची किंमत बघा. आजच्या बॅटरीतलं एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त 372 मिलिअँपिअर-तास भार साठवतं. एक ग्रॅम लिथियम धातूचा आकडा आहे 3,860. ही दहापट क्षमता आपण निव्वळ भीतीपोटी तीस-पस्तीस वर्षं बाजूला ठेवली आहे. ज्वलनशील द्रव काढून तिथे पॉलिमरचा पातळ, घट्ट पडदा बसवता आला, तर ती परत मिळते. माझं म्हणणं एवढंच आहे की तो पडदा आता आवाक्यात आलाय, आणि तो पातळ असण्यातच सगळी मेख आहे.

साशंक : दहापट हा शब्द तुम्ही लोक फार सैल हाताने वापरता. दहापट फक्त अ‍ॅनोडची. बॅटरीत कॅथोड असतो, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, वरचं आवरण असतं. त्यांचं वजन एका ग्रॅमने कमी होत नाही. बरं, तुमचा पडदाही काही काल जन्माला आलेला नाही. पॉलिइथिलीन ऑक्साइड हा पॉलिमर अल्कली धातूंचे क्षार सामावून घेतो, हे पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेफील्डला 1973मध्ये दाखवलं, आणि त्यातून आयन वाहतात, हे राइट यांनी त्यानंतर दाखवलं. त्याची बॅटरी करता येईल, हे मिशेल आर्मां यांनी 1978मध्ये मांडलं. म्हणजे कल्पना पन्नाशीला पोचली. पन्नास वर्षांत जी गोष्ट घरोघरी गेली नाही, तिच्यात काहीतरी मूलभूत अडलेलं असतं. ते काय आहे, हे आधी सांगा. पडद्याची जाडी मग मोजू.

उत्साही : काय अडलंय ते लपवण्यासारखं नाहीच. पॉलिमरमध्ये लिथियम आयन पाण्यातल्यासारखा पोहत जात नाही. भरगच्च एसटीत मागच्या माणसाचे तिकिटाचे पैसे हातोहात कंडक्टरपर्यंत जातात, तसा तो साखळीच्या एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे दिला जातो. म्हणजे साखळीचे तुकडे हलते हवेत. खोलीच्या तापमानाला पॉलिइथिलीन ऑक्साइडचा बराच भाग स्फटिकासारखा गोठलेला असतो. प्रवासी झोपलेले असले तर पैसे जिथल्या तिथेच राहणार. साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला ते स्फटिक वितळतात आणि वाहकता एकदम वाढते. 70-80 अंशांना ती सेंटीमीटरला एक दशसहस्रांश सीमेन्सच्या वर जाते, खोलीच्या तापमानाला तिच्या शेकडो, कधी हजारो पट खाली असते. द्रव इलेक्ट्रोलाइटची वाहकता सेंटीमीटरला साधारण एक शतांश सीमेन्स. हे सगळं मान्य. पण एक साधी गोष्ट तुम्ही विसरताय. विजेच्या दृष्टीने वाहकता एकटी महत्त्वाची नाही. पडद्याचा रोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. जाडी दहावा हिस्सा केली की रोधही दहावा हिस्सा. प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं 100 मायक्रॉन, कधी त्याहून जाड पडदे ओतले गेले, कारण ते हाताळायला सोपे. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. त्याहून जाड पडदा लावायचा आणि मग पॉलिमर चालत नाही म्हणून रडायचं, हा कुठला न्याय?

आणि प्रश्न फक्त रोधाचा नाही, वजनाचाही आहे. एक चौरस सेंटीमीटर सेल घ्या. कॅथोडमध्ये 4 मिलिअँपिअर-तास, सरासरी 3.8 व्होल्ट, म्हणजे सुमारे 15 मिलिवॉट-तास ऊर्जा. कॅथोडचा थर साधारण 28 मिलिग्रॅम, 20 मायक्रॉन लिथियम 1 मिलिग्रॅम, दोन्हीकडच्या धातूच्या पट्ट्यांचा वाटा 5 मिलिग्रॅम. त्यात 100 मायक्रॉनचा पॉलिमर घातला तर 12 मिलिग्रॅमची भर पडते. दहा मायक्रॉनचा घातला तर एक-सव्वा. आवरण सोडून हिशेब करा: जाड पडद्याने किलोमागे 330 वॉट-तास, पातळ पडद्याने 430. जाड पडदा लावला की लिथियम धातूमुळे मिळालेली कमाई पडद्याच्या वजनातच जाते.

साशंक : हिशेब बरोबर आहे, म्हणूनच तो मी उलटा तुमच्यावर चालवतो. खोलीच्या तापमानाला साध्या पॉलिइथिलीन ऑक्साइडची वाहकता सेंटीमीटरला एक कोट्यांश सीमेन्स धरा. दहा मायक्रॉन जाडीला रोध किती? चौरस सेंटीमीटरला दहा हजार ओहम. तासाभरात चार्ज करायचं तर 4 मिलिअँपिअर हवेत. त्याला नुसत्या पडद्यातून ढकलायला 40 व्होल्ट लागतील. तुमचा अख्खा सेल 3.8 व्होल्टचा! म्हणजे पातळ केल्याने वाईट पॉलिमर चांगला होत नाही. फक्त मध्यम पॉलिमर सुसह्य होतो. पडदा पातळ करणं हा पदार्थाच्या दोषावरचा उपाय नाही, तो दोष झाकण्याचा उपाय आहे.

पॉलिमर गरम ठेवला तर काय होतं, हे पॅरिसने बघितलं. बोलोरे समूहाच्या ऑतोलिब मोटारी डिसेंबर 2011 ते जुलै 2018 त्या शहरात भाड्याने धावल्या. लिथियम धातू आणि पॉलिमरची 30 किलोवॉट-तासांची बॅटरी, वजन सुमारे 300 किलो. ती ऊबदार ठेवावी लागे, म्हणून मोटार उभी असली की प्लगला जोडलेली. भाड्याच्या गाड्यांना प्रत्येक थांब्यावर प्लग होता म्हणून ते जमलं. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये पंधरा दिवस उभी राहणारी गाडी कोण गरम ठेवणार? चंद्रपूरच्या मे महिन्यातसुद्धा पारा 60ला जात नाही, आणि महाबळेश्वरच्या जानेवारीचं तर बोलायलाच नको.

उत्साही : ऑतोलिब बॅटरीमुळे बंद पडली नाही, पैशांच्या भांडणामुळे पडली, हेही त्याच दमात सांगायला हवं होतं. आणि हजारो मोटारी साडेसहा वर्षं पॅरिसच्या रस्त्यांवर धावल्या. फ्रान्समध्ये कॅंपेरजवळ आणि कॅनडात क्यूबेकमध्ये या पडद्याचे कारखाने चालले. सिरॅमिक इलेक्ट्रोलाइटवाल्यांना अशी कामगिरी अजून दाखवता आलेली नाही. सिरॅमिक पातळ केलं की तडकतं. सल्फाइडचे इलेक्ट्रोलाइट वाहकतेत सरस आहेत, पण दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पॉलिमर वाकतो, लिथियमला चिकटून बसतो, रोलवर गुंडाळता येतो. घनस्थितीतल्या बॅटरीच्या सगळ्या उमेदवारांत कारखान्याची भाषा समजणारा हाच एक.

आता वाहकतेचं. साधा पॉलिइथिलीन ऑक्साइड घेऊन कुणी बसलेलं नाही. स्टॅनफर्डला यी त्सुई यांच्या गटाने 2019मध्ये 8.6 मायक्रॉनचा पडदा केला. सांगाडा पॉलिइमाइडचा: न पेटणारा, मजबूत. त्यात आरपार उभी, अतिसूक्ष्म भोकं. भोकांत पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि लिथियमचा क्षार. नळीत अडकलेल्या साखळ्या आयनाला सोयीच्या दिशेने लागतात, आणि 30 अंशांना वाहकता सेंटीमीटरला 2.3 दशसहस्रांश सीमेन्स मिळाली. भार पेलायचं काम एकाकडे, आयन नेण्याचं दुसऱ्याकडे. कामाची ही वाटणी मला फार महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं आपण एकाच पदार्थाकडून मऊपणाही मागत होतो आणि ताठपणाही.

साशंक : त्याच शोधनिबंधात पूर्ण सेल किती अंशांना चालवले होते, ते सांगा ना.

उत्साही : 60.

साशंक : बघा. पडद्याची वाहकता 30 अंशांची, सेलचं आयुष्य 60 अंशांचं. मी त्या संशोधकांना खोटं ठरवत नाही. त्यांनी दोन्ही आकडे उघडपणे छापले. सेल वाकवला, कापला, त्यात खिळा घातला, तरी तो टिकला, हेही छापलं. पण बातमी होताना एका वाक्यातला 30 आणि दुसऱ्या वाक्यातला टिकाऊपणा एकत्र होतात, आणि वाचकाला वाटतं की दोन्ही एकाच सेलचं वर्णन आहे.

माझा खरा मुद्दा अजून आलेलाच नाही. तुमचा पडदा दहा मायक्रॉनचा. त्याच्या शेजारी काय चाललंय ते जवळ जाऊन बघा. चौरस सेंटीमीटरला 4 मिलिअँपिअर-तास चार्ज करताना अ‍ॅनोडवर सुमारे 20 मायक्रॉन लिथियम बसतो. डिस्चार्ज करताना तेवढाच उतरतो. म्हणजे दहा मायक्रॉनच्या भिंतीला लागून रोज तिच्या दुप्पट जाडीचा ढीग चढतो आणि ओसरतो. तोही एकसारखा नाही. दुसऱ्या बाजूला कॅथोड. त्यातल्या निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या गोळ्या साधारण पाच ते पंधरा मायक्रॉनच्या. वर डोकं काढून बसलेली एक गोळी म्हणजे पडद्याच्या जाडीएवढा टेंगूळ. सेल दाबून बंद केला की ती गोळी पडद्यात घुसणार. 60 अंशांच्या वर तुमचा पॉलिमर घट्टही राहिलेला नसतो. साखळ्या एकमेकींत गुंतल्या आहेत म्हणून तग धरणारा तो एक दाट लगदा असतो आणि दाबाखाली हळूहळू सरकतो. जाड पडद्यात हे सगळं जिरून जायचं. पातळ पडद्यात जिरायला जागा नाही.

उत्साही : म्हणून तर पडदा वेगळा करून मग सेलमध्ये ठेवायचा, ही जुनी रीत सुटत चालली आहे. पॉलिमर थेट कॅथोडवरच ओतायचा, किंवा पातळ रसायन सेलमध्ये भरून आतल्या आत त्याचा पॉलिमर होऊ द्यायचा. कॉर्नेलला लिंडन आर्चर यांच्या गटाने 2019मध्ये डायऑक्सोलेनची वलयं सेलच्या आतच उघडून त्यांची साखळी करून दाखवली. रसायन आधी द्रव असल्याने ते टेंगळाच्या भोवती, फटीत, सगळीकडे शिरतं आणि मग घट्ट होतं. त्यामुळे स्पर्शाचा प्रश्नही सुटतो. घन पदार्थांच्या बॅटरीत निम्मी रडकथा दोन घन पृष्ठभाग नीट न टेकण्याचीच असते.

फुगण्या-ओसरण्याचं म्हणाल, तर लवचीक पॉलिमरच त्याला उत्तर आहे. बर्कलीच्या चार्ल्स मनरो आणि जॉन न्यूमन यांनी 2005मध्ये गणित मांडलं की इलेक्ट्रोलाइटचा ताठपणा लिथियमच्या सुमारे दुप्पट असेल तर फाटे दबतील. सगळे ताठपणाच्या मागे लागले. पण गार्नेट सिरॅमिक त्या अटीच्या कितीतरी पलीकडे ताठ आहे, तरी त्याच्या कणांमधल्या सीमांतून आणि भेगांतून लिथियम वाट काढतोच. म्हणजे कडकपणाने प्रश्न सुटला नाही. जॉर्जिया टेक आणि कोरियातल्या कैस्ट यांच्या गटाने 2022मध्ये रबरासारखा ताणणारा पॉलिमर आणला. 20 अंशांना त्याची वाहकता सेंटीमीटरला सुमारे एक सहस्रांश सीमेन्स. तुमच्या 40 व्होल्टच्या हिशेबात हा आकडा घालून बघा. दहा मायक्रॉनला 4 मिलिव्होल्ट येतात.

साशंक : येतात, आणि ते येतात कारण त्या रबरात सक्सिनोनायट्राइल मिसळलंय. तो मऊ, सहज वितळणारा, छोट्या रेणूंचा पदार्थ आहे. आयन मुख्यतः त्यातून जातात, पॉलिमर त्याला धरून ठेवतो. चांगली युक्ती आहे. पण प्रत्येक वेळी वाहकता वाढते ती असा एखादा हलका रेणू आत घेतल्यावरच, मग सुरक्षिततेचा दावा तेवढा मात्र कोरड्या पॉलिमरच्या नावावर कसा?  

ओतण्यावर येतो. थेट कॅथोडवर ओतलं की टेंगळाच्या बाजूला 15 मायक्रॉन, टेंगळाच्या माथ्यावर 2. सरासरी दहा! प्रवाह कुठून जाईल? जिथे रोध कमी तिथून, म्हणजे माथ्यावरून. लिथियम कुठे जास्त बसेल? त्याच माथ्यासमोर. फाटा कुठे फुटेल? तिथेच. प्रयोगशाळा सरासरी जाडी छापते, सेल मात्र सर्वांत पातळ जागी मरतो.

आता क्षेत्रफळ घ्या. तुमच्याच हिशेबाने चौरस सेंटीमीटरला 15 मिलिवॉट-तास. 60 किलोवॉट-तासांच्या गाडीला किती पडदा लागेल? सुमारे 400 चौरस मीटर. आपल्या भाषेत 4,300 चौरस फूट. पुण्यात तेवढ्यात पाच-सहा टू-बीएचके बसतात. आणि प्रयोगशाळेतल्या बटन सेलचा पडदा? दोन चौरस सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे एका गाडीत वीस लाख बटन सेलांएवढा पडदा. शंभर सेल करून नव्वद उत्तम चालले, तर शोधनिबंध होतो. वीस लाखांत एक छिद्र राहिलं, तर गाडी जळते.

उत्साही : हा मुद्दा खरा आहे, पण तो फक्त पॉलिमरच्या माथी मारू नका. आजच्या द्रवाच्या बॅटरीतला सेपरेटरही दहा-बारा मायक्रॉनचा असतो, काही त्याहून पातळ. त्याला तर मुद्दाम भोकं ठेवलेली असतात! तो जगभर दरवर्षी अब्जावधी चौरस मीटर बनतो आणि गाड्यांत जातो. तेव्हा तुमचे टू-बीएचके कुठे असतात? दहा मायक्रॉनचं प्लास्टिक मैलोनमैल निर्दोष ओढणं हा सुटलेला प्रश्न आहे. शिवाय पेटण्याचं म्हणाल, तर मार्च 2022मध्ये लोहगावला भर रस्त्यात विजेवरची स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला. त्यात ना पॉलिमर इलेक्ट्रोलाइट होता, ना लिथियम धातू. त्या वर्षीच्या आगींनंतरच बॅटरीच्या चाचण्यांचे नियम देशभर कडक झाले. आगीचा मक्ता कुणा एका रसायनाकडे नाही.

साशंक : मक्ता नाहीच. पॅरिसमध्ये एप्रिल 2022मध्ये एका महिन्यात दोन बस पेटल्या आणि तिथल्या आरएटीपी या वाहतूक संस्थेने 149 बस रस्त्यावरून काढून घेतल्या. त्या बसमध्ये तुमचा लिथियम धातू आणि पॉलिमर होता. म्हणून मी असं म्हणत नाही की पॉलिमर द्रवापेक्षा जास्त पेटतो. म्हणतो ते एवढंच की 'द्रव काढला, आग गेली' हे वाक्य त्या एप्रिलपासून कुणी उच्चारू नये.

सेपरेटरची तुलना मात्र फसवी आहे. पहिली गोष्ट, त्याच्या समोर ग्रॅफाइट असतं. लिथियम त्यात शिरून बसतो, पृष्ठभागावर चढत नाही. नीट चालवलेल्या सेलमध्ये सेपरेटरवर हल्ला करणारा कुणी नसतोच. दुसरी गोष्ट कारखान्यातली, आणि ती मला सर्वांत जास्त छळते. द्रवाच्या बॅटरीचा सेल रचून झाला की इलेक्ट्रोलाइट भरायच्या आधी त्याच्या दोन टोकांना काहीशे व्होल्ट लावून बघतात. कुठे सेपरेटर फाटलाय, धातूचा कण अडकलाय, तर तिथून गळती होते आणि सेल बाजूला काढला जातो. मिनिटभराचं काम. तुमच्या सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट पहिल्यापासून आतच आहे. तिथे इतके व्होल्ट लावले तर पॉलिमरचंच विघटन होईल. मग छिद्र शोधायचं कसं? काळ्या कॅथोडवर पारदर्शक पॉलिमर, त्यात मायक्रॉनभराचा खड्डा. कॅमेऱ्याला काय दिसणार?

उत्साही : याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. चार्जिंगचा पहिला फेरा अगदी मंद प्रवाहाने करून व्होल्टेजमधली बारीक थरथर पाहता येते; छिद्र असेल तर ती दिसते. पण त्याला तास लागतात, मिनिट नाही, आणि कारखान्याचा खर्च तासांवर चालतो, हे मलाही कळतं. दुसरं अर्धं उत्तर म्हणजे दोन थर. पाच मायक्रॉनचे दोन पडदे वेगवेगळे ओतले, तर एकाचं छिद्र दुसऱ्याच्या छिद्रावर नेमकं येण्याची शक्यता फार कमी. त्यात आणखी एक फायदा आहे. पॉलिइथिलीन ऑक्साइड 4 व्होल्टच्या आसपास कॅथोडकडून जळायला लागतं, म्हणून त्याची जोडी सहसा 3.4 व्होल्टच्या लोह-फॉस्फेटशी लावली जाते. दोन थर असले तर लिथियमच्या बाजूला पॉलिइथिलीन ऑक्साइड, कॅथोडच्या बाजूला जास्त व्होल्टेज सोसणारा दुसरा पॉलिमर ठेवता येतो. जाड पडद्यांच्या जमान्यात ही चैन परवडत नव्हती. पातळपणामुळेच ती शक्य झाली.

साशंक : आणि दोन थर म्हणजे मध्ये एक नवा सांधा, दोनदा कोटिंग, दोनदा ड्राय रूमचा खर्च. बर्कलीचे नितश बलसारा यांनी एकाच साखळीत ताठ पॉलिस्टायरीन आणि मऊ पॉलिइथिलीन ऑक्साइड जोडून ही कामाची वाटणी फार आधी केली होती. त्यावर सीओ नावाची कंपनी निघाली, बॉशने ती 2015मध्ये विकत घेतली, आणि 2018मध्ये आपण स्वतः सेल बनवायचे नाहीत असं बॉशने ठरवलं. विज्ञान चुकलं म्हणून नाही. हिशेब बसला नाही म्हणून. मला एक सांगा, दहाच मायक्रॉन का? हा आकडा आला कुठून?

उत्साही : सेपरेटरच्या बरोबरीचा म्हणून.

साशंक : बरोबरी कशासाठी? तुमचाच वजनाचा हिशेब परत मांडा, पण मधला आकडा घालून. 100 मायक्रॉनला 330 वॉट-तास. दहाला 430. 25ला किती?

उत्साही : 25 मायक्रॉन म्हणजे 3 मिलिग्रॅम. एकूण 37. म्हणजे किलोमागे 410च्या आसपास.

साशंक : 100वरून 25वर आलात तर 80 मिळाले. 25वरून दहावर उतरलात तर जेमतेम 20. आणि त्या वीसांसाठी टेंगूळ, छिद्र, न होणारी चाचणी, सगळा धोका अंगावर घ्यायचा? ऊर्जेसाठी पातळपणा हवा असेल तर तो 25लाच बराचसा मिळून गेलाय. त्याखालची धाव ऊर्जेसाठी नाही. मग ती कशासाठी आहे?

उत्साही : वेगासाठी. आणि हे तुम्ही मला बोलायला लावलंत ते बरंच झालं, कारण आमच्यातले बरेच जण हे दोन हेतू एकत्र करून बोलतात. समजा खोलीच्या तापमानाला एक दशसहस्रांश सीमेन्सचा पॉलिमर मिळाला. तासाच्या चार्जिंगला 25 मायक्रॉनमध्ये 0.1 व्होल्ट जातो, चालेल. वीस मिनिटांत चार्ज करायचं तर 0.3 व्होल्ट; त्याची उष्णता होते, आणि चार्जरला तेवढं वरचं व्होल्टेज द्यावं लागतं. दहा मायक्रॉनला 0.12. शिवाय पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये प्रवाहाचा पाचवा हिस्साच लिथियम आयन वाहून नेतात. उरलेला भार उलट्या दिशेने जाणाऱ्या ऋण आयनांचा. त्यामुळे एका बाजूला क्षार साचतो, दुसऱ्या बाजूला संपत जातो. क्षार संपला की फाटे फुटायला आमंत्रणच. हे अंतर जितकं कमी तितका जास्त प्रवाह सोसतो. मर्यादा जाडीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे वेगाने चार्ज करायचं तर पातळपणा ही चैन नाही, फाट्यांपासूनचं संरक्षणसुद्धा आहे. तुम्ही म्हणता पातळ पडद्यात फाटा लवकर आरपार जातो. मी म्हणते पातळ पडद्यात तो उशिरा फुटतो. दोन्ही खरं आहे, आणि कुठल्या जाडीला कोण जिंकतं हे पदार्थागणिक बदलतं.

साशंक : आता कुठे आपण एका प्रश्नावर आलो. पण वीस मिनिटांचं चार्जिंग हवं कुणाला? रात्रभर डेपोत उभ्या राहणाऱ्या बसला नको. घरी लावणाऱ्याला नको. लांबच्या प्रवासाच्या मोटारीला हवं, आणि जाहिरातीला हवं. बससाठी, साठवणुकीसाठी 25 मायक्रॉनचा, जरा मंद पण तपासता येईल असा पडदा आज जास्त कामाचा आहे. आणि टिकाऊपणाचा हिशेब तर तुम्ही अजून काढलाच नाहीत. दर फेऱ्याला 99.9 टक्के लिथियम परत येत असेल, तर हजार फेऱ्यांनंतर, जादा लिथियम भरला नाही तर, 37 टक्केच उरतो. 80 टक्के उरायला हवा असेल तर दर फेऱ्याला 99.98 लागतात. पडदा पातळ केल्याने हा आकडा सुधारत नाही. तो पृष्ठभागाच्या रसायनाचा प्रश्न आहे, आणि तिथे तुमची मायक्रॉनपट्टी काहीच सांगत नाही.

उत्साही : मान्य. पण 25ला थांबा म्हणणं मला पटत नाही. 25चा पडदा ज्या यंत्रावर शिकतो, त्याच यंत्रावर 15 येतो, मग दहा. सेपरेटरही एकेकाळी 25चाच होता; पातळ करताकरताच तो तपासायच्या रीती सापडल्या. आधी तपासणी, मग पातळपणा, अशा क्रमाने काही घडलेलं नाही.

साशंक : तेव्हा समोर ग्रॅफाइट होतं, चुकलं तर बहुतेक वेळा निभावून जायचं. लिथियम धातू निभावून नेत नाही. तुमची एक अट मी मानतो, माझी एक तुम्ही माना. जाडी छापाल तेव्हा सरासरी छापू नका, सर्वांत पातळ जागेची छापा. आणि किती क्षेत्रावर मोजली तेही.

उत्साही : मानलं. त्याच्याशेजारी सेल कुठल्या तापमानाला चालवला तेही छापू. मग तुम्हीही प्रत्येक बातमीवर 'पन्नास वर्षांत झालं नाही' म्हणायचं सोडा.

साशंक : आजवर लिथियम धातू आणि पॉलिमरच्या ज्या बॅटऱ्या मोटारींत आणि बसमध्ये बसवून विकल्या गेल्या, त्या गरम ठेवूनच चालवाव्या लागल्या. खोलीच्या तापमानाला, 25 मायक्रॉन, एक चौरस मीटर, एकही छिद्र नाही, एवढं दाखवा. दहाचं नंतर बघू.